कुत्री माजावर आणण्याचे औषध : द्यावे केव्हा, टाळावे केव्हा



मळ्यावर कुत्रे पाळण्याची चाल आपल्या सीमाभागात फार जुनी आहे. लांब तोंडाचे, बारीक कमरेचे, वाऱ्यासारखे धावणारे कारवानी कुत्रे बेळगावपासून बागलकोटपर्यंत सर्वांच्या ओळखीचे आहे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने या जातीला आश्रय दिला, म्हणून ती मुधोळ या नावाने प्रसिद्ध झाली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ साली या जातीची काही पिल्ले शिक्षणासाठी मेरठच्या सैन्यकेंद्रात नेण्यात आली. अशा जातिवंत पिल्लांना दाम चांगला मिळतो, आणि म्हणून काही घरांत शेतीला जोड म्हणून एखादी चांगली कुत्री ठेवलेली असते.

मग प्रश्न निघतो : "गाईला सुई दिली की तीन दिवसांत माज येतो. तशी सुई कुत्रीला का देऊ नये? वर्षात दोन वेळा पिल्ले मिळतील." कोणी म्हणतो, "कुत्री दोन वर्षांची होत आली, अजून माजावर नाही. औषधाच्या दुकानातून काही आणावे काय?"

या पाठात याच प्रश्नांचा विचार करू. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. माज दिसणे निराळे आणि गर्भ धरण्याजोगा माज येणे निराळे. औषधाने पहिली गोष्ट पुष्कळदा साधते. दुसरी साधायची तर कुत्री निरोगी हवी, वेळ योग्य हवी आणि औषध जाणकार पशुवैद्याच्या हातून पडायला हवे. यांतले एक जरी चुकले तरी पैसा जातो, हंगाम जातो, आणि कधी कुत्रीही जाते.

१. कुत्रीचे ऋतुचक्र

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. कुत्रीचे तसे नाही. ती साधारणपणे ५ ते १२ महिन्यांत एकदा, सरासरीने सुमारे ७ महिन्यांनी माजावर येते. तिच्या चक्राचे चार भाग असतात.

पहिला भाग रक्तस्रावाचा. योनिमुख सुजते, लालसर स्राव सुरू होतो, नर मागे लागतात, पण कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाही. हा काळ सरासरी ९ दिवसांचा असतो. काहींत तो ३ दिवसांतच संपतो, तर काहींत अडीच आठवडे चालतो.

दुसरा भाग खऱ्या माजाचा. स्राव फिका, गवताच्या काडीच्या रंगाचा होतो. कुत्री शेपूट बाजूला घेऊन नरापुढे उभी राहते. हा काळही सरासरी ९ दिवसांचाच असतो. याच सुमारास बीजकोषातून बीजे सुटतात. मात्र कुत्रीचे बीज सुटते तेव्हा कच्चे असते. ते फळण्याजोगे व्हायला आणखी २ ते ३ दिवस लागतात.

तिसरा भाग सुमारे दोन महिन्यांचा. बीज जेथून सुटले तेथे बीजकोषावर पिवळे पिंड तयार होतात आणि ते प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. कुत्री गाभण असो वा नसो, हे पिंड जवळजवळ तेवढेच दिवस टिकतात. म्हणून न लागलेल्या कुत्रीलाही कधीकधी दूध येते आणि ती बिछाना उकरू लागते.

चौथा भाग विश्रांतीचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काहीच चाललेले नाही. परंतु या काळात गर्भाशयाचे आतील अस्तर झडून नवे होत असते. मागील माजात बीज सुटल्यापासून हे काम पुरे व्हायला ४ ते ५ महिने लागतात. नांगरट झाली म्हणजे लगेच पेरता येत नाही, जमीन तापावी लागते. कुत्रीच्या विश्रांतीचेही तसेच आहे.

२. गाईची सुई कुत्रीला का चालत नाही?

गाईला जी माजाची सुई देतात ती बहुधा प्रोस्टाग्लँडिनची असते. ती गाईच्या बीजकोषावरील पिवळा पिंड विरघळवते. पिंड गेला की २ ते ५ दिवसांत गाय माजावर येते, कारण तिच्या चक्रात पुढची पायरी माजाचीच असते.

कुत्रीत पिवळे पिंड विरले तरी पुढची पायरी माजाची नसते, विश्रांतीची असते. म्हणून त्या सुईने कुत्री लगेच माजावर येत नाही. उलट ती गाभण असेल तर गर्भ पडतो, आणि उलट्या, जुलाब, धाप लागणे हे त्रास वेगळेच. घरात गुरांसाठी आणलेली ही बाटली असेल तर कुत्रीवर तिचा प्रयोग कधीही करू नये. आणखी एक सूचना : गरोदर स्त्रियांनी व दम्याच्या रोग्यांनी या औषधाला हातही लावू नये. ते कातडीतून अंगात शिरते.

३. तारखांचा हिशेब करून पाहू

समजा, एका कुत्रीला १० जानेवारीला पहिला रक्तस्राव दिसला. सुमारे २२ जानेवारीला बीज सुटले. पिवळ्या पिंडांचा काळ मार्चअखेर संपला. गर्भाशयाचे अस्तर पूर्ववत होण्यास ५ महिने धरले तर जूनचा तिसरा आठवडा उजाडतो. आणि औषधाविना तिचा पुढचा माज सरासरीने केव्हा येणार? ऑगस्टच्या सुमारास.

आता पाहा. एप्रिलमध्ये औषध दिले तर कदाचित रक्तस्राव दिसेल, कदाचित नरही लागेल, पण अस्तर तयार नसल्याने गर्भ रुजण्याची आशा थोडी. जूनअखेर औषध दिले तर माज यायला आणखी एक ते चार आठवडे लागतात. म्हणजे नियमित चक्राच्या कुत्रीत एवढा खर्च आणि खटाटोप करून आपण जेमतेम काही आठवडे मिळवले. ते आठवडे थांबूनही मिळाले असते.

यावरून ध्यानात येईल की नियमित माजावर येणाऱ्या निरोगी कुत्रीला हे औषध देण्यात शेतकऱ्याचा फायदा नाही.

४. मग औषध कोणासाठी?

ज्या कुत्रीचे चक्र खरोखरच अडले आहे तिच्यासाठी. अडले आहे असे केव्हा समजावे? कुत्री २४ महिन्यांची होऊनही एकदाही माजावर आली नाही, किंवा पूर्वी येत होती पण आता मागील माजाला १२ महिन्यांहून अधिक काळ लोटला, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. लहान जातीची कुत्री ६ ते १० महिन्यांत माजावर येते. उंच जातीच्या कुत्रीला दीड-दोन वर्षेही लागतात. तेव्हा वर्षाच्या कुत्रीसाठी घाबरू नये.

औषधापूर्वी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात :

(अ) मुका माज. काही कुत्र्या स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात की रक्त कोणाला दिसतच नाही. आठवड्यातून दोन वेळा पांढऱ्या कापसाने योनिमुख टिपून पाहावे. रक्तातील प्रोजेस्टेरॉनची तपासणी केली तर उलगडा होतो. ते प्रति मिलिलिटर २ नॅनोग्रॅमच्या वर असले आणि कुत्री माजाची चिन्हे दाखवत नसली, तर ती थोड्याच दिवसांपूर्वी माजावर येऊन गेली आणि आपणच पाहिले नाही असा अर्थ होतो.

(आ) अंगाची स्थिती. नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर वाढलेली, जंतांनी पोखरलेली, बरगड्या मोजता येतील अशी कुत्री माजावर कशी येणार? फार लठ्ठ कुत्रीचेही तसेच. जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि दोन-तीन महिने पोटभर सकस अन्न एवढ्यानेही काही कुत्र्यांचे चक्र सुरू होते. अन्नात अंडे, मासळी, मांस, डाळ असावी.

(इ) पूर्वीची औषधे. खरजेवर दिलेली स्टिरॉइडची सुई माज लांबवते. माज थांबवण्याची सुई, म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, पूर्वी दिलेली असेल तर चक्र कित्येक महिने बंद राहू शकते. कुत्री दुसऱ्याकडून घेतली असेल तर हे विचारून घ्यावे. तिचे गर्भाशय आधीच काढलेले नाही ना, हेही पाहावे.

(ई) रोग. थायरॉइड ग्रंथी मंद असणे, बीजकोषावर गाठ असणे, जन्मतः इंद्रिय अपूर्ण असणे ही कारणे डॉक्टर तपासून शोधतात. ब्रुसेला रोगाची रक्ततपासणीही करून घ्यावी. या रोगाने गर्भ पडतो, तो नरालाही लागतो, आणि माणसांनाही होऊ शकतो.

५. कोणती औषधे वापरतात?

येथे औषधांची नावे देत आहे ती डॉक्टरांचे बोलणे आपल्याला समजावे म्हणून. घरी प्रयोग करावा म्हणून नव्हे.

कॅबरगोलिन : हे तोंडाने द्यायचे औषध आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक सोडते. त्याचा जोर असेपर्यंत विश्रांतीचा काळ चालू राहतो. कॅबरगोलिन तो जोर कमी करते आणि कुत्रीचे स्वतःचे चक्र पुढे सरकते. माज तिच्या स्वतःच्या शरीरातून उमलत असल्याने तो पुष्कळदा फळण्याजोगा असतो. म्हणून आज बहुतेक पशुवैद्य प्रथम याचाच विचार करतात. मात्रा रोज दर किलो वजनाला ५ मायक्रोग्रॅम. रक्तस्राव सुरू झाल्यावर साधारण दोन दिवसांनी ते थांबवतात.

मात्रेचा हिशेब नीट पाहा. २० किलोच्या कुत्रीला रोज १०० मायक्रोग्रॅम लागतात. माणसांसाठी मिळणारी अर्धा मिलिग्रॅमची गोळी ५०० मायक्रोग्रॅमची असते. म्हणजे एका गोळीचा पाचवा हिस्सा! सुरीने गोळी कापून असा हिस्सा अचूक होत नाही. म्हणून ते पातळ करून मोजून द्यावे लागते, आणि हे काम डॉक्टरांचे आहे. शिवाय कुत्री गाभण असेल तर या औषधाने गर्भ पडू शकतो आणि पिल्ले पाजत असेल तर दूध आटते. याच जातीचे ब्रोमोक्रिप्टिन हे जुने औषध स्वस्त आहे, पण त्याने उलट्या फार होतात.

डेस्लोरेलिन : ही कातडीखाली बसवायची बारीक कांडी आहे. ती बसवल्यावर बहुधा आठवड्याभरात रक्तस्राव दिसतो. पण हीच कांडी अंगात राहिली तर पुढे चक्र दाबून टाकते, आणि पिवळे पिंड अकाली थकून गर्भ जाऊ शकतो. म्हणून बीज सुटल्याची खात्री होताच डॉक्टर ती काढून घेतात. बसवून विसरून जाण्याची ही वस्तू नव्हे.

पीएमएसजी आणि एचसीजी : ही बीजकोषाला बाहेरून चेतवणारी इंजेक्शने आहेत. पहिले काही दिवस रोज पीएमएसजी, मग एचसीजी, असा क्रम असतो. माज दिसतो, पण यश बेभरवशाचे. पुन्हापुन्हा दिल्यास शरीर त्यांना परके समजून विरोध करू लागते आणि अंगावर पित्त उठण्यापासून धक्का बसण्यापर्यंत त्रास होऊ शकतो.

इस्ट्रोजेन : याने योनिमुख सुजते, स्राव होतो, नर जवळ येतात, आणि मालकाला वाटते की काम झाले. पण इस्ट्रोजेन स्वतः बीज पिकवत नाही. शिवाय त्याने हाडांतील मगजात रक्त तयार होणे बंद पडू शकते, आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. "एका सुईत माज" असे कोणी सांगू लागला तर सुईत काय आहे ते आधी विचारावे.

६. माज आल्यानंतरचे काम

औषधाने माज आला म्हणजे अर्धे काम झाले. नर केव्हा लावायचा हे ठरवणे हे उरलेले अर्धे. आपल्याकडे दहाव्या ते चौदाव्या दिवशी नर लावण्याचा परिपाठ आहे. पुष्कळ कुत्र्यांत तो बरोबर ठरतो. पण औषधाने आलेल्या माजात दिवस मागेपुढे होतात. तेथे डॉक्टरांनी काचपट्टीवर स्राव घेऊन पेशी पाहणे आणि रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजणे फार उपयोगी पडते. ते प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचले की बीज सुटत असते, आणि त्यानंतर २ ते ३ दिवसांनी नर लावणे उत्तम. तपासणीची सोय नसेल तर कुत्री शेपूट बाजूला घेऊ लागल्यापासून एक दिवसाआड दोन-तीन वेळा नर लावावा. या सगळ्या दिवसांत तिला बांधून किंवा कोंडून ठेवावे. नाहीतर जातिवंत नरासाठी दाम मोजायचे, आणि गल्लीतील कुत्र्याची पिल्ले जन्मायची!

बीज सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी कुत्री विते. चौथ्या आठवड्यानंतर सोनोग्राफीने गर्भ दिसतो. कुत्री वारंवार माजावर येऊनही गाभण राहत नसेल तर दोष नरातही असू शकतो. त्याचीही तपासणी करावी.

७. धोक्याची चिन्हे

माज संपल्यावर, विशेषतः ४ ते ८ आठवड्यांत, कुत्री फार पाणी पिऊ लागली, फार लघवी करू लागली, अन्न सोडले, उलट्या झाल्या, पोट फुगले, किंवा योनीतून घाण वासाचा पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. काही वेळा गर्भाशयाचे तोंड बंद असते आणि बाहेर काहीच येत नाही. ते अधिक घातक. हा रोग औषध न दिलेल्या कुत्रीलाही होतो, पण इस्ट्रोजेन किंवा माज थांबवण्याची सुई दिलेल्या कुत्रीला अधिक. येथे झाडपाला, अंगारा, उद्या पाहू, असे करू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्र्या वाचतात.

८. कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कुत्री निरोगी व किमान १८ महिन्यांची असावी, लागोपाठच्या दोन माजांत तिच्याकडून पिल्ले घेऊ नयेत, जन्मात पाचाहून अधिक वेते घेऊ नयेत, आणि ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे हे नियम सांगतात. तेव्हा औषध देऊन वर्षात दोन वेते काढण्याचा विचार शरीरशास्त्राला धरून नाही, तसाच कायद्यालाही धरून नाही.

थोडक्यात

एक वही करावी. तीत कुत्रीची जन्मतारीख, प्रत्येक माजाचा पहिला दिवस, नर लावल्याची तारीख, विण्याची तारीख, पिल्लांची संख्या, दिलेली औषधे आणि लसी लिहाव्यात. दूध डेअरीचे पुस्तक आपण रोज भरतोच. या वहीला वर्षात चार-पाच ओळी पुरतात. डॉक्टरांपुढे ही वही ठेवली तर अर्धे निदान तेथेच होते, आणि पुष्कळदा औषधाची गरज नाही हेही कळते.

कुत्री खरोखर अडली असेल तर तपासणी करून औषध जरूर घ्यावे. आजचे ज्ञान त्यासाठीच आहे. पण ती केवळ विश्रांती घेत असेल तर तिला विश्रांती घेऊ द्यावी. पुढचे सुदृढ वेत त्या विश्रांतीतूनच येते.

उजळणीसाठी प्रश्न

१. गाईला माजावर आणणारी सुई कुत्रीला का देऊ नये?
२. १ मार्चला पहिला रक्तस्राव दिसलेल्या कुत्रीचा पुढचा माज सरासरीने केव्हा येईल? तिचे गर्भाशय साधारण केव्हा तयार होईल?
३. मुका माज कसा ओळखावा?
४. २५ किलोच्या कुत्रीला कॅबरगोलिन रोज किती मायक्रोग्रॅम लागेल? गोळी घरी कापून का देऊ नये?
५. माजानंतर महिन्याने कुत्री फार पाणी पिऊ लागली आणि अन्न सोडले. आपण काय कराल?

घरातील मुलांकडून दुसऱ्या व चौथ्या प्रश्नाचे गणित करून घ्यावे. वही सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच द्यावे.